भंगारातली शेगडी आणि घरामागची पऱ्हाटी



या वेळची नोंद फवारणीची नाही, एका जुन्या शेगडीची आहे. कपाशीच्या नोंदींत शेगडी कुठून आली असं वाटेल, पण थोडं वाचा. तिचा धागा बोंडअळीपर्यंत जातो.

पहिले गंजीचं सांगतो. जानेवारीत कपाशी उपटली की पऱ्हाट्यांच्या मोळ्या बंडीनं घरी येतात आणि कोठ्याच्या भिंतीला लागून रचल्या जातात. आंघोळीचं पाणी, ढोरांचं आंबोण, भाकरी, सगळं त्याच सरपणावर. आमच्या अकोटकडच्या गावांत घरामागं अशी गंजी दिसली नाही तरच नवल. आता या मोळ्यांना न उमललेली, कवडी झालेली बोंडं चिकटलेली असतात. गुलाबी बोंडअळी त्यात दोन सरक्या एकमेकींना जोडून घेते आणि आत सुप्तावस्थेत पडून राहते. उन्हाळा सरून पावसाचा ओलावा आला की पतंग बाहेर निघतात. जूनमध्ये पेरलेल्या कपाशीला पात्या लागायला 40-45 दिवस जातात. तोवर निघालेल्या पतंगांना अंडी घालायला जागा मिळत नाही, ते मरतात. पण उशिरा निघणाऱ्यांना जुलैत पात्या तयार सापडतात. 2017 च्या हंगामात विदर्भात काय झालं ते कोणाला सांगायची गरज नाही.

पऱ्हाटी घराजवळ साठवू नका, हा सल्ला आपण सगळ्यांनी ऐकला आहे. सल्ला बरोबरच आहे. पण मग चूल कशावर पेटवायची, हे त्या पत्रकात नसतं. उज्ज्वला योजना 2016 साली आली, सिलिंडर घरोघरी गेलं, हे खरं. पण भाव बघून बहुतेक घरी ते चहा-भाजीपुरतं वापरतात आणि मोठा जाळ पऱ्हाटीचाच राहतो. ज्या बाईला सकाळी दोन हंडे पाणी तापवायचं आहे, तिला बोंडअळीचं जीवनचक्र समजावून काय फायदा?

आमच्या कोठ्यामागं वडिलांच्या काळातला 2 घनमीटरचा गोबर गॅस आहे, वर लोखंडी टाकी तरंगते तो. चांगली पंधरा वर्षं चालला. मग ट्रॅक्टर आला, बैलजोड्या कमी झाल्या, टाकीला गंजानं भोकं पडली, शेगडी कुठं गेली कोणाला माहीत नाही. खड्ड्यात पावसाचं पाणी आणि त्यावर बेशरमाची झुडपं. मागच्या वर्षी गाय आणि म्हैस घेतली, घरची एक बैलजोडी आहेच. म्हणजे चार ढोरं, रोजचं साधारण 40 किलो शेण. तेव्हापासून हा खड्डा डोक्यात होता. टाकी दुरुस्त होईल, पण शेगडी कुठून आणायची हा प्रश्न होता, कारण गोबर गॅसची शेगडी आता तालुक्याच्या दुकानात सहजी मिळत नाही.

ती सापडली अकोटातल्या एका भंगाराच्या दुकानात. मी गेलो होतो पाइपाचे तुकडे बघायला. कूलरच्या जाळ्यांखाली एक दोन बर्नरची बिडाची शेगडी उलटी पडलेली. साधी एलपीजीची असती तर बघितलंही नसतं. हिचे बर्नर मोठे, भोकं जाड, आणि नळी बसवायचं तोंड अर्ध्या इंचाचं. भंगारवाला म्हणाला, "घेऊन जा भाऊ, किलोच्या भावानं देतो." काट्यावर घातली आणि तीनशे साठ रुपयांत आणली. घरी आल्यावर कारभारीण म्हणे, "भंगार इकाले गेलते का इकत घ्याले?"

आता कामाची गोष्ट. गोबर गॅसची शेगडी आणि सिलिंडरची शेगडी दिसायला सारखी असली तरी एकीचं काम दुसरी करत नाही. का, ते समजून घ्या. सिलिंडरच्या रेग्युलेटरमधून गॅस साधारण 30 सेंटिमीटर पाण्याच्या दाबानं येतो. तरंगत्या टाकीतून येतो तो फक्त 8 ते 10 सेंटिमीटर दाबानं. त्यात गोबर गॅसमध्ये जळणारा मिथेन 55 ते 65 टक्के, बाकी बहुतेक कार्बन डायऑक्साइड, जो जळतच नाही. म्हणजे दाब कमी आणि गॅस पातळ. तेवढीच आच हवी तर गॅस जास्त सोडावा लागतो, म्हणून जेटचं भोक मोठं लागतं. एलपीजीच्या जेटचं भोक एक मिलिमीटरच्या आत असतं. या शेगडीचं मी ड्रिलच्या बिटनं मापलं: 2 मिलिमीटरचा बिट गेला, अडीचचा गेला नाही. हिशेबात बसतं. एवढ्या भोकातून तासाला पाऊण घनमीटरपेक्षा कमी, साधारण 0.45 घनमीटर गॅस जातो.

हवेचंही तसंच. एलपीजीच्या एका भागाला जळायला पंचवीसच्या वर भाग हवा लागते, गोबर गॅसला सहाच्या आतबाहेर. शिवाय गोबर गॅसची ज्योत हळू चालते. गॅस जोरात आला किंवा हवा जास्त झाली की ज्योत बर्नर सोडून वर उडते आणि विझते. म्हणून याचे बर्नर मोठे, भोकं जास्त. सिलिंडरची शेगडी गोबर गॅसला तशीच जोडून, जेट न बदलता, "गॅसच येत नाही" म्हणून प्लांट बंद केलेले लोक मला माहीत आहेत. प्लांट चांगले होते. गोबर गॅसच्या शेगडीसाठी भारतीय मानक वेगळंच आहे, आयएस 8749. नवी घेणार असाल तर तो आकडा बघून घ्या.

दुरुस्तीला तीन दिवस गेले, सलग नाही, ओलिताच्या पाळ्या सांभाळून. बर्नर काढून रात्रभर डिझेलमध्ये ठेवले. तारेच्या ब्रशनं गंज काढला, एकेक भोक खिळ्यानं मोकळं केलं. एका बर्नरमध्ये गांधीलमाशीचं मातीचं घर होतं, पक्कं. जेट मात्र पितळेचं, त्यात खिळा घालायचा नाही. भोक वाकडं झालं की ज्योत एका बाजूला जाते. तांब्याच्या बारीक तारेनं साफ केलं. कॉक जाम होते. ते गरम पाण्यात टाकून सैल केले, घासले, ग्रीस लावून परत बसवले. गोबर गॅसमध्ये हायड्रोजन सल्फाइड असतो, सडक्या अंड्याचा वास येतो तोच, आणि तो पितळ-तांबं खातो. म्हणून कॉक काळे पडले होते. एक कॉक वाचला नाही, नवा घेतला. नळी नवी, क्लिपा नव्या. यात काटकसर करू नका. नंतर सगळ्या जोडांना साबणाचा फेस लावून बघितलं. काडी पेटवून गळती शोधणारे लोक अजून आहेत, त्यांना हात जोडतो.

टाकीचं काम जास्त जोखमीचं होतं आणि इथं मी घाई करू दिली नाही. वेल्डर म्हणे, "जाग्यावरच मारतो दोन ठिगळं." नाही म्हटलं. टाकीत उरलेला मिथेन हवेत 5 ते 15 टक्के असला की ठिणगीनं फुटतो. चौघांनी टाकी उचलून बाहेर काढली, धुतली, दोन दिवस उघड्यावर पालथी-उताणी करून ठेवली, मग वेल्डिंग. त्यावर डांबरी काळा रंग, आतून-बाहेरून दोन हात. खड्डा उपसायला आलेल्या पोराला मी आत उतरू दिलं नाही. बादली, दोर आणि मडपंप, जेवढं निघालं तेवढं वरून. तळाला गाळ राहिला, राहू दे. शेणाच्या खड्ड्यात उतरलेला माणूस आतल्या गॅसनं खाली बसतो, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही. टाकी बंद असो की उघडी, आत उतरायचं नाही.

मग शेण आणि पाणी सारखं, काडीकचरा काढून, पाटावर कालवून भरलं. सोबत शेजारच्या गावातल्या चालू प्लांटमधली चार बादल्या स्लरी, विरजणासारखी. एकदा भरलेलं शेण आत साधारण 40 दिवस राहतं. पंधराव्या दिवशी टाकी वर यायला लागली. पोरं म्हणे पेटवा. पहिला गॅस पेटवायचा नसतो, त्यात हवा मिसळलेली असते. पहिली पूर्ण टाकी तशीच सोडून दिली, दुसरी भरली तेव्हा शेगडी लावली. दाब बघायला पारदर्शक नळी इंग्रजी यू सारखी वाकवून फळीला ठोकली, अर्धं पाणी भरलं, एक तोंड गॅसला. दोन्हीकडच्या पाण्यात 9 सेंटिमीटरचा फरक. दहा रुपयांची नळी, पण प्लांटची नाडी कळते.

पहिली ज्योत पिवळी आली. हवेची चकती थोडी उघडली, निळी झाली. अजून उघडली तर फुरफुरत उडायला लागली, परत मागं घेतली. एवढंच करायचं असतं. पिवळी असेल तर हवा वाढवा, उडत असेल तर कमी करा. मधेच विझत असेल तर नळीत पाणी साचलं समजा, कारण गॅससोबत वाफ येते आणि पाइपाच्या खोलगट जागी पाणी धरते. सर्वांत खालच्या ठिकाणी एक टी आणि बूच बसवा, आठवड्यातून एकदा पाणी सोडा.

हे सगळं आपल्याकडं नवं नाही. मुंबईला माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात 1897 साली मैल्यापासून गॅस करून वापरला गेला होता. तरंगत्या टाकीचा नमुना जशभाई पटेलांनी 1950 च्या दशकात बसवला आणि खादी ग्रामोद्योग आयोगानं तो गावोगाव नेला. आमचा खड्डा त्याच नमुन्याचा. तंत्र जुनं आहे, फक्त मधे त्याची देखभाल करणारे हात गेले. आमच्या भागात जेट बदलून देणारा माणूस आता सापडत नाही, मोबाइल दुरुस्त करणारे सापडतात.

हिशेब असा. 40 किलो शेणातून दिवसाला दीड घनमीटरच्या वर गॅस धरा. एक बर्नर साडेतीन तास चालतो. एक घनमीटर गोबर गॅस म्हणजे साधारण 0.43 किलो एलपीजी, म्हणजे तीन आठवड्यांत 14.2 किलोच्या एका सिलिंडरएवढं काम. आंघोळीचं पाणी, दोन वेळच्या भाकरी, आंबोण यातून निघतं. पाहुणे आले तर नाही निघत. बाहेर पडणारी स्लरी संत्र्याच्या आळ्यात जाते. गोवऱ्या थापून जाळल्या असत्या तर त्यातला नत्र धुरासोबत गेला असता, तो आता वावरात राहतो.

एक गोष्ट मात्र कबूल करावी लागते. भरीत. हिवाळ्यात वांगी भाजायला मी शेगडीवर सळयांची जाळी वेल्ड करून घेतली, एका वेळी सहा मोठी वांगी बसतात. भाजली छान जातात, सालही सुटतं, पण तुराट्यांच्या जाळावरची चव येत नाही. मायनं एक घास खाल्ला आणि म्हणाली, "हे शिजलं, भाजलं नाई." आता वांगं गॅसवर भाजतो, ठेचल्यावर मधे वाटीत निखारा ठेवून त्यावर तेल सोडतो आणि झाकतो. मायचं समाधान पाऊण झालं. तुराट्या मी मुद्दाम ठेवल्या आहेत, गुलाबी बोंडअळी त्यात राहत नाही.

पऱ्हाटीचं म्हणाल तर या जानेवारीत एकही मोळी घरी आणली नाही. कपाशी डिसेंबरअखेर मोडली, फरदड ठेवली नाही, आणि भाड्याच्या श्रेडरनं पऱ्हाटी वावरातच कुटून मातीआड केली. गडी विचारत होता, "भाऊ, सरपण काय जाळसान?" त्याला टाकी दाखवली. एका घराची गंजी गेली म्हणून बोंडअळी जाणार नाही, शेजारच्या तीन गंज्या जिथल्या तिथं आहेत. पण घराला लागून दोन एकर कपाशी आहे, तिथं कामगंध सापळ्यात पहिले पतंग मला दरसाल आधी दिसतात. जुलैत त्या पट्ट्यातले आणि दूरच्या वावरातले आकडे शेजारी शेजारी लिहून इथं टाकीन.

सध्या अडचण थंडीची आहे. रात्रीचा पारा खाली गेला की जिवाणू सुस्त होतात, टाकी सकाळी वीतभर कमी चढते. शेण कालवायचं पाणी दुपारी उन्हात काळ्या ड्रमात तापवून घेतो आणि कालवण संध्याकाळच्या ऐवजी दुपारी तीनला टाकतो. टाकीभोवती कुटार भरलेली पोती लावली आहेत. कोणाकडं जुना प्लांट आणि जुनी शेगडी असेल तर जेट काढून सोबत आणा. ड्रिलचे बिट माझ्याकडं आहेत, भोक मापून देतो.