छपरावरचे तुषार

'तुषार' हा शब्द मी तीस वर्षे कवितेच्या तासाला शिकवला. पुढे तो शेतीच्या सिंचनसंचांच्या जाहिरातींत शिरला, तेव्हा उगाचच वाईट वाटले होते. परंतु त्या शब्दाचे वजन मला कळले ते ७ जानेवारी २०२५च्या संध्याकाळी, लॉस एंजेलिसच्या उत्तरेला, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या धाकट्या भावाच्या घरी.

भावाने छपराच्या कडेने स्प्रिंकलर बसवून घेतले होते. वणवा घर गाठतो तो पुष्कळदा ज्वाळांनी नव्हे, तर वाऱ्यावर दूरवरून उडत येणाऱ्या निखाऱ्यांनी. पन्हाळीतला पालापाचोळा, दाराशी पडलेले पायपुसणे, वळचणीचा झरोका. निखाऱ्याला एवढे पुरते. या जागा आधीच ओल्या असल्या तर तो तिथेच विझतो. साधी, पटण्याजोगी गोष्ट.

त्या संध्याकाळी ईटन खोऱ्याच्या बाजूला आकाश तांबडे झाले. निघताना भावाने स्प्रिंकलर सुरू केले. वहिनी म्हणाली, "पाणी बंद करून निघा असं सांगतात ना? बंबांना दाब मिळत नाही." भावाने माझ्याकडे पाहिले. संच घरच्या नळालाच जोडलेला होता. मी म्हणाले, "राहू दे."

घर वाचले. त्याच रस्त्यावरची कितीतरी घरे गेली. ते तुषारांनी वाचले की वाऱ्याची दिशा बदलल्याने, याचा निवाडा करणे कठीण. एवढ्या सोसाट्याच्या वाऱ्यात फवाऱ्याचे पाणी छपरावर टिकते तरी किती?

त्याच रात्री शहराच्या दुसऱ्या टोकाला, पॅसिफिक पॅलिसेड्समध्येही आग होती. तिथे पाण्याची मागणी नेहमीच्या चौपट झाली आणि सलग १५ तास तशीच राहिली. दहा-दहा लाख गॅलनच्या तीन टाक्या ८ जानेवारीच्या पहाटेपर्यंत रिकाम्या झाल्या. नळाचे जाळे एखाददुसऱ्या घराच्या आगीसाठी आखलेले असते, डोंगरभर पेटलेल्या वणव्यासाठी नव्हे. शिवाय जळालेल्या घरांच्या फुटलेल्या नळांतूनही पाणी वाहत राहते. आमच्या भागातही बंबांना पाणी अपुरे पडले.

याच उपायाची दुसरी कथा मी नंतर वाचली. १९९९च्या वादळाने मिनेसोटाच्या उत्तरेकडील अरण्यात लक्षावधी झाडे आडवी पाडली. पुढे वणवा येणार हे ओळखून गनफ्लिंट ट्रेलवरच्या अनेक रहिवाशांनी सरकारी अनुदानातून स्प्रिंकलर बसवले. मे २००७मध्ये हॅम लेकचा वणवा आला. सुमारे ७५,००० एकर क्षेत्र जळाले, पण जिथे संच चालू होते तिथली बहुतेक घरे वाचली. त्यांचे पंप नळावर नव्हे, तळ्यावर चालत होते. वाचण्यासाठी त्यांना कोणाच्या वाट्याचे पाणी घ्यावे लागले नाही.

भाऊ आता अंगणात स्वतंत्र टाकी आणि पंप बसवतो आहे. मला बरे वाटते, पण मन मोकळे होत नाही. 'आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी' ही म्हण मी मुलांना हसत हसत समजावून सांगत असे. त्या रात्री बंब योग्य ठिकाणीच उभे होते. त्यांचे थोडे पाणी आमच्या छपरावर होते, आणि 'राहू दे' म्हणणारी मी होते.