मौजेचं खातं

आईच्या हिशेबाच्या वह्या लांबट होत्या, लाल कापडी पुठ्ठ्याच्या. महिना कुठलाही असो, पानाचा क्रम ठरलेला. भाडं, रेशन, वाणी, दूध, रॉकेल, गावची मनिऑर्डर, शाळा. आणि सगळ्यांत खाली, तितक्याच ठसठशीत अक्षरांत, मौज. समोर १० रुपये.

लालबागच्या चाळीत आमची एक खोली. बाबा गिरणीत साच्यावर. पगाराच्या संध्याकाळी आई चटईवर पैशांच्या लहान लहान चळती मांडायची आणि मौजेची नोट हळदीच्या रिकाम्या डब्यात टाकायची. वाण्याचं देणं कितीही तुंबो, त्या डब्याला हात लागायचा नाही. आणि डबा संपला की पुढच्या पगारापर्यंत आम्हीही काही मागायचो नाही. आमच्या लहानपणाच्या सगळ्या रविवारांना त्या नोटेचा, हळदीचा वास आहे.

दहा रुपयांत काय काय मावायचं! राणीच्या बागेला जाताना पायी. तिथल्या म्युझियमजवळ घारापुरीहून आणलेला दगडी हत्ती उभा आहे. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा नाव दिलं, हे मला पुष्कळ पुढे कळलं. तेव्हा तो फक्त आमचा हत्ती होता. जिवंत हत्तीपेक्षा धाकटा भाऊ याच्याकडेच जास्त रमायचा, कारण हा कुठेही जात नसे. शेंगांची एक पुडी चौघांत. परतताना मात्र डबलडेकर. वरच्या मजल्यावरचं पहिलं बाक मिळावं म्हणून बाबा एखादी बस सोडूनही द्यायचे. समोरच्या खिडकीतून वारा अंगावर यायचा, झाडांच्या फांद्या टपावर खरखरत जायच्या, आणि लालबागपर्यंतचा रस्ता आमच्या पायाखालून वाहत यायचा. रात्री आई वहीत लिहायची: राणीबाग, ४ रुपये ६० पैसे. उरलेलं पुढच्या महिन्याच्या मौजेतच जमा. असं साठत साठत दिवाळीला भारतमाता टॉकीजमधला एखादा मराठी सिनेमा व्हायचा.

१८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला. दिवसाचे प्रहर सांगणारे भोंगे एकाएकी गप्प झाले. दोन-अडीच लाख माणसं घरी बसली. आई पापड लाटायला जाऊ लागली. बाबा मिळेल ते काम धरायचे, न मिळालं की गॅलरीत उभे राहायचे. त्या वर्षाची वही आई गेल्यावर माझ्याकडे आली. तिची पानं चाळताना हात जड होतो. मनिऑर्डरीपुढे रेघ. दूध अर्ध्यावर, मग पावशेरावर. मौज १०, मग ४, मग २. जुलैच्या पानावर मौजेपुढे शून्य आहे.

पण ओळ आहे. आणि शून्याच्या पुढे आईनं लिहिलंय: वरळी, पायी. भरती होती.

तो दिवस मला लख्ख आठवतो. उधाणाची वेळ बाबांनी कुणाला तरी विचारून ठेवली होती. समुद्राच्या कठड्याशी आम्ही ओळीनं उभे राहिलो. लाट भिंतीवर आपटायची, क्षणभर आकाशात उभी राहायची आणि सगळीच्या सगळी आमच्यावर कोसळायची. बाबा इतके हसले की आई त्यांच्याकडे बघतच राहिली. ओलेचिंब चालत घरी आलो, आणि कोरा चहा प्यायलो. त्या दिवशी आम्हाला काही कमी आहे, असं मला एकदाही वाटलं नाही.

संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. गिरणी बाबांसाठी पुन्हा उघडली नाही. आईची वही मात्र चालू राहिली. आज माझा हिशेब मोबाइलमध्ये असतो. त्यात भाजीपासून विम्यापर्यंत सगळ्याला जागा आहे, आणि मुलांबरोबर घालवलेली संध्याकाळ बरीच वर्षं 'इतर'मध्ये पडून होती. वही वाचल्यावर मी ते खातं वेगळं केलं. काटकसर म्हणजे आनंदाला सगळ्यांत शेवटी उभं करणं, असं मी समजत आले होते. आईनं मौज शेवटी लिहिली, पण उरलं तर बघू म्हणून लिहिली नाही. भाड्यासारखी, दुधासारखी ती घराची गरज म्हणून लिहिली. पैसे नसतील त्या महिन्यात तिनं रक्कम खोडली, ओळ खोडली नाही.

त्याच वहीत कोजागरीचं पान आहे. चाळीच्या गच्चीवर सगळ्या बिऱ्हाडांनी थोडं थोडं दूध घालून एकच पातेलं चढवलं होतं. घरात पावशेर दूध येण्याचे ते दिवस. तरी आमच्या वाट्याचं अर्धा लिटर गेलं. दुधाच्या ओळीत ते मी शोधलं. तिथे नव्हतं. ते खाली होतं, मौजेपुढे.