तक्त्यात नसलेली माणसं

कुठल्याही मराठी मंडळाच्या कार्यकारिणीत अध्यक्ष, सचिव, खजिनदार अशी पदं असतात. पण गणपतीत महाप्रसादाला किती किलो तांदूळ लागेल, हे विचारायला आपण सचिवांकडे जात नाही. वर्षानुवर्षं हा हिशोब तोंडी सांभाळणाऱ्या एखाद्या काकूंकडे जातो, आणि त्यांचं नाव पत्रिकेवर शोधून सापडत नाही. ऑफिसातही अगदी असंच असतं. फक्त तिथे पगार आणि बढती पत्रिकेवरच्या नावांकडे बघून ठरते.

नव्या नोकरीत पहिल्याच आठवड्यात कंपनीचा तक्ता दाखवतात. वर साहेब, खाली मॅनेजर, त्याखाली आपण. अशा पहिल्या तक्त्यांपैकी एक १८५५ सालचा आहे. अमेरिकेतल्या न्यूयॉर्क अँड ईरी रेल्वेचे सुपरिंटेंडंट डॅनिअल मॅकॅलम यांनी तो करून घेतला. रेल्वे शेकडो मैल पसरलेली, त्यामुळे हुकूम कोणी द्यायचा आणि खबर कोणाला कळवायची हे कागदावर ठरवणं भागच होतं. गंमत म्हणजे तो तक्ता झाडासारखा काढलेला आहे आणि त्यात अध्यक्ष व संचालक मंडळ खाली, मुळाशी आहेत!

तेव्हा तक्त्याला नावं ठेवायचा माझा विचार नाही. रजा कोण मंजूर करणार, पैशाला मान्यता कोणाची, बिघडलं तर उत्तर कोणी द्यायचं, हे लिहिलेलं असावंच. पण हुकूम कुठून येतो एवढंच तक्ता सांगतो. अडल्यावर माणसं कोणाकडे जातात, ते त्यात दिसत नाही.

माझ्या आधीच्या कंपनीत आमच्या टीममध्ये टेस्टिंगच्या एक मॅडम होत्या. तक्त्यात त्यांच्या हाताखाली एकही माणूस नव्हता. पण कोणतंही रिलीज बाहेर जायच्या आधी निम्मी टीम त्यांच्या टेबलाशी असायची. बिलिंगच्या कोडमध्ये अमुक अट पाच वर्षांपूर्वी का घातली, क्लायंटकडे नेमका कोण फोन उचलतो, हे त्यांना पाठ. अप्रेझलमध्ये मात्र मोजले जायचे ते त्यांनी स्वतः नोंदवलेले बग आणि लिहिलेल्या टेस्ट केस. दिवसातले दोन-तीन तास दुसऱ्यांच्या अडचणी सोडवण्यात जायचे, त्याला फॉर्ममध्ये रकानाच नव्हता. रेटिंग आलं मध्यम, पगारवाढही तशीच.

पुढे टीमची फेररचना झाली आणि त्यांना दुसऱ्या प्रोजेक्टवर हलवलं. तक्त्यावर एक चौकोन इकडचा तिकडे झाला, इतकंच. त्यानंतरच्या पहिल्याच महिनाअखेरीला काही ग्राहकांना बिलं दोनदा गेली. सगळी टीम दोन रात्री ऑफिसात. तिसऱ्या दिवशी कोणीतरी मॅडमना फोन लावला आणि दहा मिनिटांत उलगडा झाला. एक फाइल त्या दर वेळी रिलीजच्या आधी स्वतः उघडून बघायच्या. तपासणीच्या यादीत ती पायरी कधी नव्हतीच. त्यांच्या सवयीत होती. मॅनेजरनी त्यांना परत यायला विचारलं. "आता इकडे बरं चाललंय," एवढंच त्या म्हणाल्या. त्या वर्षीचं रेटिंग काही बदललं नाही.

ही न दिसणारी रचना कागदावर आणता येते. डेव्हिड क्रॅकहार्ट आणि जेफ्री हॅन्सन यांनी १९९३ साली 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'मध्ये त्यावर लेख लिहिला. लोक सल्ला कोणाला विचारतात, विश्वासाने कोणाशी बोलतात आणि कामाबद्दल रोज कोणाशी बोलणं होतं, अशी तीन जाळी त्यांनी वेगवेगळी मांडली. त्या बिलांच्या गोंधळानंतर आमच्या मॅनेजरनीही प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला: "अडलं तर कोणाकडे जाता?" फळ्यावर बाण काढले. सगळ्यात जास्त बाण तिघांकडे गेले आणि त्यांतला एकही लीड नव्हता.

अर्थात ही रचना नेहमी भलंच करते असं नाही. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९३१-३२ मध्ये टेलिफोनची उपकरणं जोडणाऱ्या १४ कामगारांचं निरीक्षण केलं होतं. जास्त कामाला जास्त पैसे मिळत असूनही दिवसाला किती काम करायचं हे त्यांनी आपापसात ठरवून टाकलं होतं. कोणी फार पुढे जाऊ लागला की त्याच्या दंडावर गुद्दा बसायचा. आपल्याकडे गुद्दा बसत नाही, पण चहाच्या टपरीवर निर्णय होतात. सहाची बस पकडणारी सहकारी तिथे नसते, घरून काम करणारा नसतो. दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये त्यांना ठरलेलं ऐकायला मिळतं.

यात भाषाही येते. आम्ही हैदराबादचे मराठी लोक दोन्ही बाजू ओळखतो. कँटीनमध्ये तेलुगू गप्पा रंगल्या की पुण्याहून नवा आलेला मुलगा हसू आणून बसतो. आणि दोन मराठी माणसं भेटली की तिसऱ्याला मराठी येत नाही, हे आपल्यालाही आठवत नाही. गप्पा कुठल्याही भाषेत होऊ देत, पण कामाचं बोलणं निघालं की सगळ्यांना कळेल त्या भाषेत यावं आणि ठरलेलं तिकिटावर लिहावं.

आपल्या मंडळातली बरीच मुलं यंदा पहिल्या नोकरीला लागताहेत. त्यांना माझं सांगणं एवढंच आहे. पहिल्या महिन्यात दोन्ही नकाशे शिकून घ्या: मंजुरी कोणाची लागते आणि उत्तर कोणाकडे मिळतं. आणि उत्तर देणाऱ्याचं नाव ईमेलमध्ये, तिकिटावर, मीटिंगच्या नोंदीत लिहा. "अमुक यांनी कारण शोधून दिलं" हे लिहायला अर्धा मिनिट लागतो. आभार तोंडी मानतोच आपण, पण अप्रेझलच्या वेळी तोंडी आभार कोणी वाचत नाही.