मागचं चाक

गावठाणात गल्लीच्या कोपऱ्याला, घराच्या पायाला टेकून एक दगड पुरलेला असतो. कुठे तो फुटक्या जात्याची तळी असतो, कुठे नुसताच ओबडधोबड काळा धोंडा, तर कुठे त्याच्या जागी लोखंडी रुळाचा तुकडा उभा ठोकलेला. पाहुण्याला वाटतं बसायला ठेवलाय, आणि संध्याकाळी लोक त्यावर बसतातही. पण तो पुरलाय ट्रॉलीच्या चाकासाठी. ट्रॅक्टर कोपऱ्यावरून आरामात वळतो, चालवणाऱ्याला वाटतं सुटलो, आणि मागून ट्रॉलीचं आतलं चाक येऊन भिंतीचा लचका तोडतं. दगड असला तर ते दगडाला घासतं आणि घरमालक चहा पीत बसून राहतो.

ओढलं जाणारं चाक ओढणाऱ्याच्या चाकोरीतून कधीच चालत नाही. वळणावर ते आतून येतं, जवळच्या वाटेनं. ट्रॉली जितकी लांब तितकं जास्त आतून. म्हणून कोपरा आला की लगेच वळायचं नसतं. आधी सरळ पुढे जायचं, कोपरा मागे पडतोय, आता चुकलंच, असं वाटेपर्यंत जायचं आणि मग वळायचं. कार चालवणाऱ्या माणसाला हे शिकताना फार जड जातं, कारण कारची मागची चाकंही आतूनच येत असली तरी ती इतकी कमी आत येतात की वर्षानुवर्षं कळतही नाही. मी वीसेक वर्षं शहरात कार चालवून लोणखेड्याला शेतावर गेलो आणि ट्रॉली जोडलेल्या ट्रॅक्टरवर बसलो, तेव्हा आपल्यामागे आणखी काही येतंय ही गोष्ट मला पहिल्यांदा अंगानं समजली.

लोणखेडा शहाद्याला लागूनच आहे, गोमाईच्या काठी. शिक्षणसंस्था, वसतिगृहं, दुकानं यांमुळे ते आता गावापेक्षा शहाद्याचं उपनगरच वाटतं. पण शिवारात ऊस, केळी, पपई, कापूस सगळं आहे, आणि जवळच पुरुषोत्तमनगरला पी. के. अण्णा पाटलांनी उभा केलेला सातपुडा तापी परिसर सहकारी साखर कारखाना. हंगाम लागला की इथले रस्ते उसाच्या गाड्यांचे होतात. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, त्यांवर बाहेर लोंबणारा ऊस, पंधरा-वीस टनांचा ऐवज, आणि पुढे स्टिअरिंगवर एखादा विशीतला पोरगा. त्याच्या स्पीकरवरचं गाणं ट्रॅक्टरच्या आधी गावात पोचतं.

गाण्याबद्दल मला तक्रार आहे, आणि ती वयाची नाही. ट्रॉली ओढणं हे निम्मं कानाचं काम आहे. ट्रॅक्टरचा हूक आणि ट्रॉलीची दांडी यांना जोडणारी पिन भोकात कधीच घट्ट बसत नाही, बोटभर ढिली असते. नाहीतर खड्ड्यात सगळं मोडून पडेल. या ढिलेपणातून आवाज येतो. ट्रॅक्टर ओढत असतो तेव्हा पिन ताणलेली आणि गप्प. गिअर बदलायला क्लच दाबला की एक खटका. उतार लागला, ट्रॉली मागून ढकलू लागली, की दुसरा, जरा जड खटका. आणि सपाट रस्त्यावर सारखा खडखडाट यायला लागला तर थांबून पिनेखालची खिट्टी जागेवर आहे ना ते पाहायचं. मला शिकवणाऱ्या आबांनी पहिल्या दिवशी स्टिअरिंगबद्दल जवळजवळ काहीच सांगितलं नाही. चढ आला की म्हणत, ऐक. उतार आला की म्हणत, ऐक. आरशाचा प्रश्न नव्हता, कारण ट्रॅक्टरला आरसेच नव्हते. बहुतेक ट्रॅक्टरचे आरसे पहिल्याच वर्षी कुठल्यातरी बाभळीला अर्पण झालेले असतात.

उताराचा तो दुसरा खटका ऐकू आला की आपण ओढत नाही, आपल्याला ढकललं जातंय, हे कळतं. इथे कारची सवय घातक. कारमध्ये आपण ब्रेकवर पाय ठेवतो. शेतीच्या बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. थांबतो तो फक्त ट्रॅक्टर, ट्रॉली त्याच्या पाठीवर येऊन आदळते, आणि दोघं सरळ रेषेत नसतील तर ती ट्रॅक्टरला कोपरातून दुमडून टाकते. त्यात ट्रॅक्टरला ब्रेकची दोन पेडल असतात, डाव्या चाकाचं वेगळं, उजव्याचं वेगळं. शेतात नांगरताना बांधाशी जागच्या जागी वळायला ते सोयीचं. रस्त्यावर मात्र दोन्ही पेडल जोडणारी पट्टी लावलीच पाहिजे, नाहीतर एकच दाबलं गेलं की ट्रॅक्टर त्या बाजूला गर्रकन फिरतो. उतार सुरू व्हायच्या आधी खालचा गिअर टाकायचा आणि इंजिनलाच ओझं धरू द्यायचं. डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये गाडी सोडणारे महाभाग अजून आहेत. नदीवरच्या पुलाकडे उतरताना ते दिसतात.

आता रिव्हर्स. ट्रॉली मागे घेण्याबद्दल जगभर लोक एकच गोष्ट सांगतात, ती उजवीकडे न्यायची असेल तर स्टिअरिंग डावीकडे फिरवा. वाक्य खरं आहे आणि निरुपयोगी आहे, कारण मागे वळून बसलेल्या माणसाला कोणती उजवी, कोणती डावी, हेच त्या क्षणी आठवत नाही. त्यापेक्षा चांगली युक्ती म्हणजे हात स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर न ठेवता खालच्या कडेला धरायचा. मग ट्रॉलीचं बूड जिकडे न्यायचं तिकडे हात न्यायचा. डोक्याला भाषांतर करावं लागत नाही. पण खरी गंमत पुढेच आहे. ट्रॉली वळायला लागली की ती आपणहून आणखी वळत जाते. पुढे जाताना ओढ तिला सरळ करते, मागे जाताना ढकल तिला वाकडी करते. म्हणून ती वळायला लागल्याबरोबर स्टिअरिंग उलटं फिरवून तिच्या मागे जावं लागतं. हे जमलं नाही तर दांडी ट्रॅक्टरच्या मोठ्या चाकाला भिडते. मग उपाय एकच, पुढे जा, सरळ हो, पुन्हा सुरू कर. लांब ट्रॉली सावकाश बिघडते, आखूड ट्रॉली क्षणात. नवशिक्याला आखूड ट्रॉली देणाऱ्याचा हेतू शुद्ध नसतो. दोन ट्रॉल्या असतील तर मागे जायचा विचारच सोडायचा. मागची सोडवायची, किंवा दहा माणसं बोलवायची.

बैलगाडीला रिव्हर्स नव्हताच. गाडी मागे घ्यायची तर बैल सोडायचे आणि माणसांनी धुरा उचलून ढकलायची. म्हणून जुन्या खळ्यांना, वाड्यांना दोन वाटा असत, एकीतून आत आणि दुसरीतून बाहेर, किंवा मग आत गाडी फिरेल एवढं अंगण. वाटण्या झाल्या, अंगणात भिंती आल्या, आणि ट्रॉली उलटी आत घालण्याचं कौशल्य घराघरात गरजेचं झालं. दोन भावांच्या वाटणीत कोणाच्या ड्रायव्हरचा हात चांगला आहे, हेही पाहिलं जात असेल, असा मला दाट संशय आहे.

आबा ट्रॉली भरताना उभे राहत आणि मजुरांवर ओरडत. ऊस मागे जास्त रचला की गाडी उलाळ होते, दांडी वर उचलू पाहते, ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांची पकड सुटते. फार पुढे रचला तर उलटं, ट्रॅक्टरचं तोंड हलकं होतं, स्टिअरिंग फिरतं पण गाडी वळत नाही. पुढे जरा जास्त, मागे जरा कमी, एवढंच ते म्हणत. माझा एक मावसभाऊ अमेरिकेत घर बदलताना कारमागे भाड्याची ट्रॉली लावून गेला, तेव्हा यू-हॉल कंपनीनं त्याला हेच समजावून सांगितलं होतं. साठ टक्के वजन पुढच्या अर्ध्या भागात ठेवा आणि ताशी 55 मैलांच्या वर जाऊ नका. तिथे कारचा वेग मोठा, त्यामुळे मागे जड झालेली ट्रॉली उलाळ होण्याआधी शेपटासारखी डोलू लागते, आणि ते डोलणं ब्रेक दाबून थांबत नाही, वाढतं. आबांना तो आकडा सांगितला तर ते म्हणाले, साठ कसे मोजतात? मग ट्रॉलीच्या दांडीला खांदा लावून थोडं उचलून पाहिलं आणि म्हणाले, हे बघ, बरोबर.

आपल्याकडे कारमागे ट्रॉली जवळजवळ दिसतच नाही. दिसला तर लग्नाच्या वरातीत जीपमागे जनरेटर, किंवा रस्त्याच्या कामावर एखादी टाकी. पण कायद्यानं ती कल्पना केलेली आहे. 1988 च्या मोटार वाहन कायद्यात ओढलं जाणारं वाहन हे स्वतंत्र वाहन आहे, म्हणूनच ट्रॉलीला वेगळा नंबर असतो, ट्रॅक्टरचा वेगळा. मग ट्रॅक्टरच्या परवान्यावर ट्रॉली ओढणाऱ्याकडे परवाना आहे की नाही? हा वाद नागशेट्टी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. विमा कंपनीचं म्हणणं, ट्रॉली लागली की ते माल वाहणारं वाहन झालं, चालकाकडे त्याचा परवाना नव्हता, आम्ही पैसे देणार नाही. 2001 मध्ये न्यायालयानं ते नाकारलं. असं मानलं तर उद्या खासगी कारच्या मालकानं टपावर कॅरिअर बसवला किंवा मागे ट्रॉली लावून सामान नेलं, तरी तो विनापरवाना ठरेल, आणि हे हास्यास्पद होईल, असा न्यायालयाचा युक्तिवाद. निकाल मला न्याय्य वाटतो. अपघातात सापडलेल्या कुटुंबाची भरपाई अशा शब्दच्छलावर अडू नये. पण ट्रॉली लावली तरी चालवणाऱ्याच्या दृष्टीनं काही बदलत नाही, हे मात्र कुठल्याही गल्लीतल्या कोपऱ्याला पटणार नाही.

आबा आमच्याकडे सालानं होते. इथली जुनी रीत आहे ती, वर्षभराचा करार, ठरलेली रक्कम आणि धान्य. 1972 साली शहाद्यात श्रमिक संघटना उभी राहिली, ती सालदारांच्या मजुरीचा आणि आदिवासींच्या गेलेल्या जमिनींचा हिशोब मागत. त्या काळी आबा पोरसवदा होते. सभांना गेले होते का, असं मी विचारलं तर म्हणाले, गावातून सगळेच गेले होते. एवढंच. पुढे त्यांनी ट्रॅक्टर शिकला. मालकाच्या पोरांना शिकवला. मी त्यांच्याकडून शिकलो तेव्हा गाडी आमची होती, ज्ञान त्यांचं, आणि ही वाटणी दोघांनाही नवीन वाटली नाही, हे मला आता खटकतं. त्यांची मुलगी आणि जावई दिवाळीनंतर कोयता घेऊन बारडोलीकडे जातात, ऊसतोडीला. सातपुड्याच्या पायथ्याची कितीतरी कुटुंबं अशीच गुजरातेत जातात, भांडी, गोधड्या, शेळ्या आणि लेकरं घेऊन. परतीला माणसं उसाच्या ट्रॉलीवर वर बसून येतात. आबांना त्या ट्रॉलीच्या चालकाची काळजी असायची. तो कोपरा कसा घेतो, उताराला कोणता गिअर टाकतो, हे ते फोनवर जावयाला विचारत. जावयाला गिअर काय माहीत असणार!

रात्री या गाड्या जास्त भीतीच्या. चालवणाऱ्याचा दिवा पुढे. मागे काय आहे, हे त्याला दिसत नाही आणि मागून येणाऱ्याला तर त्याहून कमी. लोंबत्या उसानं नंबर प्लेटही झाकलेली. हंगाम सुरू झाला की पोलीस आणि परिवहन खात्याचे लोक कारखान्यांवर जाऊन ट्रॉल्यांना लाल चकाकत्या पट्ट्या लावतात, वर्तमानपत्रात फोटो येतो. महिन्याभरात त्या पट्ट्या चिखलानं झाकतात. आबांचा उपाय जुना होता. दर खेपेला ऊस रचून झाला की ते स्वतः खाली उतरून ओल्या फडक्यानं पट्टी पुसत, आणि मागे झाकणारी वाढी कोयत्यानं छाटून टाकत. एकदा कारखान्याच्या रांगेतही ते पुसत होते, तेव्हा मी म्हणालो, आबा, हे काम पोराला सांगा. ते म्हणाले, "पोरगा पुढंच बघतो ना भाऊ," आणि पुसत राहिले. काट्यावर रांग मोठी होती, आमचा नंबर लागायला अजून पाच-सात गाड्या बाकी होत्या, आणि पुढच्या गाडीचा पोरगा गाणं बदलत होता.