कापसाच्या मुलखातले हातमोजे

मे महिन्यात अकोल्याचा पारा 45 अंश ओलांडतो आणि नेमकी तेव्हाच आमच्याकडची पोरं हिमाचलातल्या सारपासला निघतात. कूलरसमोर बसून सॅक भरायची आणि आठवड्याभरात सुमारे 4,200 मीटरवर बर्फात पाय रोवायचे! अशा उकाड्यात थंडीची कल्पनाच करवत नाही. म्हणून हातमोजे यादीत शेवटी. ‘‘सर, महागाचे कायले घ्याचे? घरी हायेत ना,’’ म्हणत कोणीतरी गाडीवर उन्हासाठी घालायचे सुती मोजे पुढे करतं. अमरावती-अकोल्याच्या मुलांना मी डोंगरात नेतो, आणि माझं पहिलं भांडण या सुती मोज्यांशीच असतं.

कापूस आपलं पांढरं सोनं. उन्हाळ्यात त्याच्यासारखं कापड नाही, कारण तो घाम पितो आणि तो घाम उडताना अंग गार होतं. थंडीत हाच गुण मुळावर येतो. धाग्यांमधल्या हवेची जागा पाणी घेतं, आणि पाणी हवेपेक्षा सुमारे 25 पट वेगाने उष्णता ओढून नेतं. सारपासवरून उतरताना बर्फावर बसून लांबवर घसरावं लागतं, हात टेकतातच. खाली येईस्तोवर मोजे चिंब, आणि बधिर बोटांना सॅकचं बक्कल उघडत नाही.

धनगर भर पावसात घोंगडी पांघरून मेंढरांमागे उभा राहतो, ते उगाच नाही. लोकर स्वतःच्या वजनाच्या 30 टक्क्यांपर्यंत ओल शोषूनही हाताला फारशी ओली लागत नाही, आणि दमटली तरी तिचे कुरळे तंतू हवा धरून ठेवतात. म्हणून आत पातळ लोकरीचा किंवा फ्लीसचा मोजा आणि वरून पाणी-वारा अडवणारा सैल मोजा. दोन्ही सुटे हवेत. अस्तर आतच शिवलेला जाड मोजा एकदा आतून भिजला की तंबूत रात्रभर वाळत नाही. सुटा आतला मोजा स्लीपिंग बॅगमध्ये अंगाशी धरला तर सकाळपर्यंत घालण्याजोगा होतो.

दुकानदार गोअर-टेक्सचे महागडे मोजे दाखवतील. ते चांगले असतात, पण त्यातून घाम बाहेर पडायला आतली हवा बाहेरच्यापेक्षा दमट लागते. चिखलदऱ्याच्या ऑगस्टातल्या धुक्यात बाहेरचीच हवा पाण्याने गच्च! मी सरळ भांडी घासायचे रबरी मोजे एक माप मोठे घेतो आणि आत लोकरीचे घालतो. पोट्टे हसतात. हसू द्या, जपानच्या शोवा कंपनीचे ‘टेमरेस’ मोजे मुळात कामगारांसाठीचे, पण आज बर्फाच्या भिंती चढणारेही ते वापरतात.

माप मात्र घालूनच बघा. मूठ वळताना ताण आला तर मोजा लहान आहे: रक्तही अडतं आणि ऊब धरणारी हवाही उरत नाही. अंगठी-कडं-घड्याळ ही मंडळी घरीच ठेवा. चालताना मोज्याचं तोंड रेनकोटच्या बाहीखाली असावं, नाहीतर बाहीवरून ओघळलेलं पाणी थेट आत शिरतं.

तालमीला चिखलदरा पुरतो. अमरावतीपेक्षा साडेसातशे मीटर उंच, म्हणून चार-पाच अंशांनी गार. खरं सांगायचं तर पावसाळ्यात तिथे नुसतं चालायला हातमोज्यांची गरज नाही. पण जानेवारीत अवकाळी पाऊस आला आणि तिथल्या वैराट टोकावर वारा सुटला की कळतं. मी मुलांना मोज्यांसकट हात बादलीत बुडवायला लावतो आणि मग म्हणतो, आता बुटाची लेस बांध, चेन ओढ, बॅटरी लाव. जमलं नाही तर मोजा नापास, किंमत काहीही असो.

एवढं करूनही हात गारठले तर आधी अंगातला ओला बनियन बदला. छाती-पाठ थंड पडली की शरीर बोटांकडचं रक्त आखडतं, मग कुठलाच मोजा कामाचा नाही. आणि पैसे बेताचे असतील तर महागाचा एक जोड घेऊ नका. साधे दोन घ्या; दुसरा प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून सॅकच्या वरच्या खिशात ठेवा.