वर्दी

14 एप्रिलला आपण सगळे मिरवणुकीत असतो. निळ उधळत, गळा बसेपर्यंत. माझा मामा कधीच नसायचा. तीसेक वर्षं तो लातुरात बंबाच्या फोनवर होता. 101. जयंतीला गर्दी असते, फटाके असतात, लोंबकळणाऱ्या वायरी असतात. म्हणून तो त्या दिवशी सुट्टी मागायचाच नाही. म्हणायचा, "तुमी नाचा रे. कुनीतरी जागं बसाया पायजे."

त्या दिवशी सकाळी केंद्रावर परेड असायची. 14 एप्रिल हा बंबवाल्यांचाही दिवस. 1944 साली याच तारखेला मुंबईत व्हिक्टोरिया डॉकला फोर्ट स्टिकिन नावाचं जहाज पेटलं. एकाच जहाजात दारूगोळा आणि कापसाच्या गाठी. विझवायला गेलेले 66 जवान स्फोटात गेले. मामा त्यांना सलाम करायचा, मग बाबासाहेबांच्या फोटोला हार घालायचा आणि फोनपाशी बसायचा.

लहानपणी सुट्टीत मी मामाकडं असायचो. मामीनं दिलेला डबा घेऊन जायचो. टेबल, फोन, वायरलेसचा डबा, भिंतीवर शहराचा नकाशा आणि एक जाड वही. आगीचा फोन आला की त्याला ते वर्दी म्हणायचे. वर्दी आली. वर्दी वहीत घेतली. फोन वाजला की मामा घास तसाच ठेवायचा. आवाज चढू द्यायचा नाही. "पत्ता आधी सांगा. काय पेटलंय? आत मानसं हायत का?" एवढंच. बोलता बोलता एका हातानं घंटा दाबायचा. पलीकडचा रडायचा, शिव्या द्यायचा. मामा म्हणायचा, "हाव बाबा, निघाली गाडी. तू रस्त्यावर येऊन उभा ऱ्हा, आमाला हात दाव."

एकदा कुणीतरी फोनवर म्हणालं, महारवाड्यात आग लागली. मामानं विचारलं, "भीमनगर ना?" पलीकडं गप्प. मामा पुन्हा म्हणाला, "भीमनगर म्हना. गाडी निघालीय." आणि वहीत लिहिलं, भीमनगर. सरकारनं वस्त्यांची जातीवरची नावं काढायचं ठरवलं 2020 साली. मामानं त्याच्या कितीतरी आधी आपल्या वहीतून ती काढून टाकली होती. मोर्चा नाही, निवेदन नाही. नुसता बॉलपेन.

मामा या कामाला का चिकटला ते मला फार उशिरा कळलं. 27 जुलै 1978 ला विधिमंडळात नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. 4 ऑगस्टला आपल्या नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचिराम कांबळेंना जाळून मारलं. हे तुम्हाला पाठ आहे, दर सभेत आपण सांगतो. मामा तेव्हा चौदा वर्षांचा, त्याच जिल्ह्यातल्या दुसऱ्या एका गावात. त्यांची वस्ती जळाली. माणसं शेतात पळाली म्हणून वाचली. तुरीच्या रोपात पालथं पडून त्यानं आपलं घर जळताना बघितलं. मला म्हणाला, "लोकं म्हनतेत बंब का नाही आला. अरे, बोलवायचा कुनी? गावात फोन एक, तो त्यायच्याच घरात. ज्यानं पेटवलं त्याच्याच दारात जाऊन म्हनावं का, फोन करू द्या?"

मग थोडं थांबून म्हणाला, "कुठंच वर्दी नाही बघ त्या आगीची."

हे वाक्य माझ्या काळजात बसलं. घर जळालं ते जळालंच. पण ते जळालं असं लिहून घेणारंही कुणी नव्हतं.

त्याची दुसरी रात्र 30 सप्टेंबर 1993 ची. गणपती बुडवून लोक नुकतेच झोपले होते. पहाटे चारला चार मिनिटं कमी असताना जमीन हलली. मामा ड्यूटीवर होता. लातुरातून फोनावर फोन. भिंत पडली, म्हातारी अडकली, काय झालंय. तो म्हणायचा, "वाजत व्हता तवर बरं वाटायचं. वाजतोय म्हंजी मानूस जिता हाय." औसा तालुक्यातल्या किल्लारीकडून त्याच्या टेबलावर एकही फोन आला नाही. उजाडल्यावर कळलं. तिकडं गावंच्या गावं दगडमातीखाली गेली होती. हजारो माणसं.

तेव्हापासून नव्या पोरांना तो एकच गोष्ट शिकवायचा. जिथनं फोन येत नाही, तिकडं आधी बघा.

मी पुढं पोटासाठी नांदेडला आलो. जिनिंगमध्ये लागलो. कापसात दगड येतो, खिळा येतो, रेच्यात ठिणगी उडते. एका रात्रपाळीला रुईचा ढीग पेटला. मुकादम म्हणाला, बंब बोलवू नका, मालकाला विचारू. मालकाचा फोन लागेना. एका बाईचा हात कोपरापर्यंत भाजला होता. मी खिशातला मोबाईल काढला आणि 101 लावला. ओरडायलाच लागलो. पलीकडून म्हातारा आवाज आला, "भाऊ, श्वास घे. पत्ता आधी."

मामाच बोलतोय असं वाटलं.

त्यानं विचारलं, रुई सुट्टी का गाठी? लाईट बंद केली का? माणसं बाहेर काढली का? म्हणाला, "गाठीवरचा जाळ गेला म्हनून इझली समजू नका. आत धुमसत ऱ्हाते." शेवटी नाव विचारलं. मी नुसतं नाव सांगितलं. तो म्हणाला, "पूर्ण सांग. बापाचं, आडनाव. वहीत लिहायचंय." बंब आला. आग विझली. गाठी फोडून फोडून सकाळपर्यंत पाणी मारलं.

पुढं मालक म्हणाला, बाईचा हात तिच्या घरी चुलीवर भाजला. आग काही एवढी नव्हतीच. आम्ही वर्दीची नोंद मागितली. तारीख होती, वेळ होती, जागा होती, जखमी एक स्त्री असं होतं. त्या कागदापुढं मालकाची चूल चालली नाही. बाईला भरपाई मिळाली. माझं काम गेलं. आता दुसऱ्या जिनिंगमध्ये आहे.

त्या कागदावर माझं पूर्ण नाव होतं. सरकारी कागदावर आपलं नाव कसं येतं ते तुम्हाला माहीत आहे. आरोपी म्हणून. लाभार्थी म्हणून. दाखल्यावर जातीपुढं. इथं लिहिलं होतं, वर्दी देणारा. मी तो कागद चार वेळा वाचला.

मग त्या आवाजाला शोधत केंद्रावर गेलो. पाव किलो जिलेबी घेऊन. किडकिडीत म्हातारा, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली. सगळे त्याला तात्या म्हणत होते. मी "नमस्कार" एवढंच म्हणालो, तर तो वर न बघता म्हणाला, "कापूसवाला का तू? बाईचा हात कसा हाय?" त्यानं मला जात विचारली नाही. मीही नाही. इतवारा, चौफाळा, देगलूर नाका, गल्ली गल्ली त्याच्या डोक्यात होती. कुठल्या बोळात बंब शिरत नाही, कुठली विहीर उन्हाळ्यात आटते, सगळं. आम्ही जिलेबी खाल्ली. मधे दोनदा फोन वाजला. दोन्ही वेळा त्यानं हातातला तुकडा कागदावर ठेवला.

आता दोघंही घरी बसलेत. मामा अजून रात्री दचकून उठतो आणि उशाला फोन चाचपतो. मामी हसते.

मित्रांनो, आपण आगीवर पुष्कळ लिहिलं. मीही लिहिलंय, माझ्या कवितेत मशाल आहे, वणवा आहे, सगळं जाळून टाकायची भाषा आहे. मामानं त्या कविता ऐकल्या. म्हणाला, "चांगल्या हायत. पन पत्ता कुठाय?"

तेव्हापासून मी खिशात वही ठेवतो. कुठल्या गावात पाणी तोडलं, कुणाच्या वरातीवर दगड पडले, कुणाचा कडबा जळाला. तारीख, वेळ, जागा, सांगणाऱ्याचं पूर्ण नाव. आता हातोहाती मोबाईल आहेत. तरी काही गावांतून काहीच येत नाही. आपण म्हणतो, तिकडं शांत आहे.

मामाचं म्हणणं ध्यानात ठेवा. पुढच्या रविवारी मी अशाच एका गावाला जाणार आहे. ज्याला यायचंय त्यानं सांगा. वही आणा.

जय भीम.