सूत्राचा कर्ता

व्याकरणाच्या तासाला ज्या 'कर्त्या'नें मुलांस जेरीस आणलेलें असतें, तोच कर्ता बीजगणिताच्या तासाला पुन्हां भेटला कीं त्यांच्या मुद्रा पाहण्यासारख्या होतात. व्याकरणांतला कर्ता निदान कांहीं क्रिया तरी करितो. सूत्रांतला कर्ता कांहींच करीत नाहीं. तो नुसता डाव्या बाजूस एकटा उभा असतो.

व्या = मु × द × का ÷ १०० हें सरळव्याजाचें सूत्र घ्या. येथें व्याज हा कर्ता. मुद्दल, दर आणि काल ठाऊक असले म्हणजे व्याज निघालें. परंतु प्रपंचांत प्रश्न नेहमीं याच बाजूनें विचारला जातो असें थोडेंच आहे? कोणास दर हवा असतो, कोणास मुद्दल. तेव्हां हवें तें अक्षर एकटें करून डावीकडे आणावयाचें, यासच सूत्राचा कर्ता बदलणें म्हणतात. हा त्याचा मामा म्हणा कीं तो याचा भाचा म्हणा, नातें एकच. तसेंच हें सूत्र चार राशींमधील एकच नातें सांगतें. असें असतां पुष्कळ मुलें त्याचीं चार निरनिराळीं सूत्रें करून चारहि पाठ करितात, आणि परीक्षेच्या दिवशीं नेमकें चवथें विसरतात.

याहून वाईट खोड म्हणजे 'बाजू बदलली कीं चिन्ह बदलतें' हा मंत्र. पदांस पाय नसतात. तीं उठून पलीकडे जात नाहींत. समीकरण म्हणजे दोन्ही पारडीं समपातळींत असलेला तराजू होय. एका पारड्यास जें कराल तेंच दुसऱ्यासहि करा, तराजू ढळणार नाहीं. शून्यानें भागण्याची तेवढी बंदी. हें ज्यानें मनांत धरिलें नाहीं तो ३क्ष = १२ यांतील ३ बेलाशक उजवीकडे नेऊन वजा करितो आणि क्ष = ९ असें उत्तर ठोकून देतो.

क्रमाचीहि गोष्ट तशीच. सकाळीं आपण आधीं मोजे घालतों, मग बूट. संध्याकाळीं आधीं बूट निघतात, मग मोजे. आपल्याकडे ताप बहुधा फॅरनहाइट अंशांत सांगतात आणि हवेचें तपमान सेल्सिअस अंशांत. दोहोंचें नातें फॅ = ९ × से ÷ ५ + ३२ असें आहे. सेल्सिअस अंश हवे असतील तर शेवटीं मिळविलेले ३२ आधीं वजा केले पाहिजेत. १०४ अंशांच्या तापांतून ३२ वजा जातां ७२ राहिले. त्यांस ५ नें गुणून ९ नें भागिलें कीं ४०. उलट जो आधीं गुणून-भागून मग ३२ वजा करील, त्याच्या हातीं २५.८ येईल, आणि तापानें फणफणलेलें लेंकरूं गार पडल्याचें निदान होईल!

ही उलट चालीची रीत आपल्या देशांत फार जुनी आहे. गुणक असेल तेथें भाजक करावा, मिळविलेलें वजा करावें, असा नियम आर्यभटानें इ. स. ४९९ मध्यें दिला, इ. स. ११५० मध्यें भास्कराचार्यांनीं लीलावतींतहि तो सांगितला. अज्ञात राशींस ते यावत्तावत्, कालक, नीलक, पीतक अशीं नांवें देत, म्हणजे काळा, निळा, पिवळा! पण ज्ञात राशींच्या जागीं बहुतेक आंकडेच असत. त्यांनाहि पद्धतशीरपणें अक्षरें देण्याची युक्ति फ्रान्समधील व्हिएत यानें इ. स. १५९१ मध्यें काढिली. तीमुळें एक उदाहरण सुटतें एवढेंच नव्हे, तर तशा सर्व उदाहरणांचें उत्तर एका ओळींत मावतें.

गेल्या वर्षीं पालकसभेंत रिक्षा चालविणारे एक गृहस्थ उभे राहून म्हणाले, "सर, आमची मुलगी रात्ररात्र हीं अक्षरें इकडून तिकडे करीत बसते. यानें कोणाचें पोट भरतें का?" प्रश्न रास्त होता. घाईनें उत्तर देण्यापेक्षां गप्प बसणें आम्हांस बरें वाटलें.

महिन्याभरानें ती नववींतली मुलगीच एक कागद घेऊन आली. वडील १२,००० रुपये आठ महिन्यांकरितां कर्जाऊ घेणार होते. देणारा म्हणे, "महिन्याचे फक्त ३६० रुपये." तिनें दरास कर्ता केलें होतें: द = १०० × व्या ÷ (मु × का). व्याज २,८८०, काल दोनतृतीयांश वर्ष. दर शेंकडा ३६ आला. तिची शंका निराळीच होती. व्याज आधींच कापून घेतल्यामुळें घरीं ९,१२० रुपयेच येणार. मग मुद्दल कोणतें धरावें? गणिताच्या पुस्तकांत हा प्रश्न सहसा नसतो. हातीं आलें तेंच मुद्दल, असें आम्हीं सांगितलें. दर ४७ च्याहि वर गेला! वडिलांनीं तो कागद दोनदां वाचला आणि तें कर्ज घेतलें नाहीं. पुढें एका पतपेढींतून १२,००० रुपये मिळाले. दरमहा १,१२० प्रमाणें बारा हप्ते. "साधे बारा टक्के" असें त्यांस सांगण्यांत आलें.

मुलगी पुन्हां आली. दर महिन्यास मुद्दल फिटत जातें, सबंध रक्कम वर्षभर आपल्याकडे राहत नाहीं. मग दर बाराच कसा? हप्त्याचें सूत्र आम्हीं तिला फळ्यावर लिहून दिलें. मुद्दल त्याचा कर्ता सहज होतो. दर मात्र कांहीं केल्या एकटा होईना. तो वरहि आहे, खालींहि आहे, आणि बारावा घात धरून बसला आहे. अशा ठिकाणीं दर अंदाजानें घ्यावयाचा, हप्ता काढावयाचा आणि पुन्हां दर सुधारावयाचा. यंत्रेंहि असेंच करितात. महिना १ टक्का धरतां हप्ता १,०६६ आला, २ धरतां १,१३५. शाळा सुटून गेली तरी ती आमच्या मेजाशीं बसून होती. १.८ ला १,१२१ च्या जवळ आली, तेव्हां वर्षाचे सुमारें साडेएकवीस टक्के ठरले.

"सर, हें बाबांना आज सांगूं, कीं हप्ते फिटल्यावर?"

आजच सांग, असें आम्ही म्हणालों. आणि हे साडेएकवीस त्या सत्तेचाळिसांच्या निम्म्याहूनहि कमी आहेत, तेंहि सांग.